टर्बाइन बोटीसाठी हलकी लिथियम बॅटरी कशी निवडावी

टर्बाइन बोट म्हणजे विमान-हेलिकॉप्टरांसारख्या गॅस टर्बाइन इंजिनावर धावणारी वेगवान बोट. तिच्यातल्या स्टार्टिंग बॅटरीचं, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीचं, खरं काम जेमतेम अर्ध्या मिनिटाचं असतं. पण त्या अर्ध्या मिनिटात ती कमी पडली, तर प्रकरण 'इंजिन चालू झालं नाही' एवढ्यावर मिटत नाही. पिस्टन इंजिनाला अशक्त बॅटरी लावली तर ते दोन-चार वेळा घरघरतं आणि थांबतं. टर्बाइन त्याच परिस्थितीत स्वतःची पाती जाळून घेऊ शकतं.

या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक जण लिथियमकडे वळतात ते वजनासाठी. ते कारण चुकीचं नाही. मात्र निवडीचा क्रम उलटा लागतो. आधी बघायचं ते स्टार्ट चालू असताना व्होल्टेज किती टिकतं हे. वजनाचा हिशोब अगदी शेवटी. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत.

आधी स्टार्टच्या वेळी काय घडतं ते समजून घ्या

स्टार्टर ही विजेची मोटर कंप्रेसर, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा, फिरवते. वेग पूर्ण वेगाच्या साधारण १२ ते १५ टक्क्यांवर पोचला की इंधन सोडतात आणि इग्नायटर ते पेटवतो. इथून पुढे ज्योत आणि स्टार्टर दोघं मिळून इंजिनाला वर खेचतात, आणि ते स्वतःच्या बळावर धावू लागलं की स्टार्टर बाजूला होतो. ॲलिसन २५० या हेलिकॉप्टरांत सर्रास दिसणाऱ्या इंजिनात स्टार्टर सुमारे ५८ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतात. म्हणजे आग पेटल्यानंतरही बराच वेळ स्टार्टरची गरज असते, आणि नवख्यांच्या ध्यानात नेमकं हेच येत नाही.

टर्बाइनमधून जाणारी हवा जशी जाळायला लागते, तशीच थंड करायलाही लागते. बॅटरीचं व्होल्टेज पडलं की कंप्रेसर हळू फिरतो आणि हवा कमी पडते. इंधन मात्र येतच राहतं. मग एक्झॉस्टचं तापमान काही सेकंदांत मर्यादेच्या वर जातं. हा हॉट स्टार्ट. कधी वेग मध्येच अडकतो, वर चढतही नाही आणि खालीही येत नाही; तो हंग स्टार्ट. अशा एका चुकीनंतर हॉट सेक्शन, म्हणजे इंजिनाचा ज्वलनाकडचा तापणारा भाग, उघडून तपासण्याची वेळ येऊ शकते, आणि त्या खर्चापुढे उत्तम बॅटरीची किंमत काहीच नाही.

पायरी १: आपल्या इंजिनाला किती करंट लागतो ते मोजा

वेगवान बोटींत बसवलेली टर्बाइन्स बहुतांश विमान-हेलिकॉप्टरांतून आलेली असतात: लायकमिंगची टी-५३ आणि टी-५५, ॲलिसन २५०, प्रॅट अँड व्हिटनीचं पीटी-६. बहुतेकांची विद्युत व्यवस्था २४ व्होल्टची असते आणि जनरेटर २८ व्होल्टच्या आसपास चालतो. पण मूळ विमानाच्या पुस्तिकेवरून थेट बॅटरी ठरवू नका. टी-५५चंच बघा. चिनूक हेलिकॉप्टरमध्ये हे इंजिन हायड्रॉलिक स्टार्टरने सुरू होतं. बोटीत ती हायड्रॉलिक यंत्रणा नसेल, तर स्टार्टची व्यवस्थाच वेगळी झालेली असते. तुमच्या इंजिनावर आज कुठला स्टार्टर बसवलेला आहे, त्याची प्लेट वाचा आणि तिथून सुरुवात करा.

मग मोजमाप. डीसी करंट मोजणारा आणि सर्वोच्च आकडा धरून ठेवणारा क्लॅम्प मीटर घ्या. व्होल्टेज बॅटरीच्या टोकांवर मोजाच, पण स्टार्टरच्या टोकांवरही मोजा. त्या दोहोंतला फरक पुढे केबल निवडताना लागेल. सध्याची चांगली बॅटरी किंवा ग्राउंड पॉवर कार्ट (बाहेरून वीज पुरवणारी गाडी) जोडून एक नेहमीचा स्टार्ट करा आणि चार गोष्टी टिपून ठेवा: पहिल्या क्षणाचा झटका किती अँपिअरचा, पुढचा सरासरी करंट किती, व्होल्टेज सगळ्यात खाली किती गेलं, आणि स्टार्टर सुटेपर्यंत किती सेकंद लागले. एक्झॉस्ट तापमानाचा कमाल आकडाही शेजारी लिहा. टर्बाइनचा स्टार्ट यापूर्वी हाताळला नसेल, तर हे काम अनुभवी मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करा.

पायरी २: अँपिअर-तासांच्या आकड्याला भुलू नका

समजा पहिला झटका १००० अँपिअरचा आहे आणि पुढे सरासरी ४०० अँपिअर ३० सेकंद लागतात. हा हिशोब १२,००० अँपिअर-सेकंदांचा होतो, म्हणजे सुमारे ३.३ अँपिअर-तास (बॅटरीतल्या साठ्याचं माप). एक फसलेला प्रयत्न, नंतर न जळलेलं इंधन बाहेर काढायला इग्निशन बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवणं आणि मग दुसरा प्रयत्न, हे सगळं धरलं तरी १० ते १२ अँपिअर-तासांत भागतं. साठा ही अडचण नाहीच. घागरीत पाणी किती आहे यापेक्षा तिचं तोंड किती रुंद आहे, हा इथला प्रश्न आहे.

म्हणून बघायचा तो डिस्चार्जचा दर, म्हणजे बॅटरीतून वीज किती वेगाने काढता येते ते. २० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून १००० अँपिअर काढणं म्हणजे क्षमतेच्या ५० पट. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून २५ पट. सौरऊर्जेच्या साठवणीसाठी बनवलेले मोठे चौकोनी सेल सहसा क्षमतेच्या एक पटीच्या आसपासच सतत देऊ शकतात. त्यांचं रसायन तेच, व्होल्टेज तेच, भाव आकर्षक, आणि म्हणूनच फसगत होते. १०० अँपिअर-तासांचा असा पॅक टर्बाइन फिरवायला घेतला, तर त्याचं व्होल्टेज कोसळेल किंवा त्यातलं संरक्षण-सर्किट मध्येच वीज तोडेल.

याउलट जास्त दराचे दंडगोलाकार सेल बघा. मूळ ए-१२३ कंपनीने आणलेला २६६५० आकाराचा सेल २.५ अँपिअर-तासांचा, वजन ७६ ग्रॅम, आणि १० सेकंदांसाठी १२० अँपिअर देण्याच्या क्षमतेचा आहे. असे १० समांतर आणि ८ ओळीत जोडले तर २५ अँपिअर-तासांचा पॅक होतो. नुसत्या ८० सेलचं वजन साधारण ६ किलो. कागदावर तो १० सेकंद १२०० अँपिअर देतो. मी मात्र दहावर थांबणार नाही, चौदा-सोळा समांतर घेईन. एक तर ते आकडे नव्या सेलचे आणि खोलीच्या तापमानाचे असतात. शिवाय समांतर सेल वाढले की आंतरिक रोध कमी होतो आणि स्टार्टच्या वेळी व्होल्टेज वर राहतं. इथे वाढलेले अडीच-साडेतीन किलो कधीच वाया जात नाहीत.

लेबलवरचे दोन आकडे विशेष जपून वाचायचे. पहिला, कोल्ड क्रँकिंग अँपिअर. ही चाचणी उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद चालते, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज ७.२च्या खाली गेलं नाही म्हणजे ती उत्तीर्ण. अशा दोन बॅटऱ्या ओळीत जोडल्या तर २४ व्होल्टच्या व्यवस्थेत १४.४ व्होल्ट उरतात. मोटारगाडीला ते चालून जातं. टर्बाइनला १४.४ व्होल्टवर सुरू करणं म्हणजे हॉट स्टार्टला आमंत्रण. शिवाय काही लिथियम बॅटऱ्यांवरचा क्रँकिंगचा आकडा ३० सेकंदांचा नसतो, ३ ते ५ सेकंदांच्या झटक्याचा असतो. दुसरा आकडा 'लेड-ॲसिडच्या तोडीचे' अँपिअर-तास. खरी क्षमता त्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकते.

विक्रेत्याला एकच गोष्ट मागा: तुमच्या करंटवर ३० ते ४० सेकंदांचा, तापमान नमूद केलेला डिस्चार्जचा आलेख. तो द्यायला जमत नसेल, तर ती बॅटरी घेऊ नका.

पायरी ३: रसायन

इथे फार घोळ घालायचं कारण नाही. नवख्याने लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावं. एका सेलचं व्होल्टेज ३.२, पूर्ण चार्जला ३.६५. आठ सेल ओळीत जोडले की २५.६ व्होल्ट होतात आणि २८ व्होल्टच्या जनरेटरशी ते छान जुळतात. पूर्ण चार्ज होऊन विसावलेला पॅक २६.६ व्होल्टच्या आसपास असतो. लेड-ॲसिडची जोडी २५.४ला. डिस्चार्ज होताना लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतं, त्यामुळे तिसऱ्या स्टार्टलाही जवळपास पहिल्याइतकाच जोर मिळतो.

निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायन किलोमागे जास्त ऊर्जा देतं, पण आपल्याला ऊर्जा नकोच आहे, करंट हवा आहे. आणि ते तुलनेने कमी तापमानाला भडकतं. जानेवारी २०१३मध्ये बोइंग ७८७ विमानांच्या लिथियम बॅटऱ्यांच्या दोन घटना घडल्या, एक बोस्टनला आणि दुसरी जपानमध्ये, आणि सगळी ७८७ विमानं जमिनीवर आली. त्या बॅटऱ्यांत कोबाल्ट ऑक्साइडचे सेल होते. नंतरच्या दुरुस्तीत बॅटरीला स्टीलचा बंद पेटारा आणि वायू थेट विमानाबाहेर नेणारी नळी मिळाली. बोटीसाठीही तो धडा तसाच्या तसा लागू आहे.

लिथियम टायटॅनेट थंडीत आणि मोठ्या करंटला उत्तम, आयुष्यही मोठं, पण सेल फक्त २.४ व्होल्टचा असल्यामुळे संख्या आणि वजन दोन्ही वाढतात. कडक थंडीत बोट चालवणाऱ्यांनीच त्याचा विचार करावा.

फॉस्फेट सुरक्षित म्हणजे ते जळतच नाही, असं मात्र समजू नका. सेल बिघडून तापला तर त्यातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे ज्वालाग्राही, विषारी वायू बाहेर पडतात. बंद हलमध्ये (बोटीच्या सांगाड्यात) ते साचले तर स्फोट होऊ शकतो.

पायरी ४: केबल

उत्तम बॅटरी घेऊन तिचा जोर बारीक केबलमध्ये घालवणारे लोक पाहिले की जीव तळमळतो. हिशोब अगदी सोपा आहे. ७० चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे सुमारे ०.२५ मिलिओहम. बॅटरी स्टार्टरपासून ४ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर, म्हणजे २ मिलिओहम. ८०० अँपिअरला १.६ व्होल्ट नुसत्या तारेत जातात. जोड, स्विच आणि कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) यांचं नुकसान वेगळंच. ९५ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर तेच नुकसान १.२ व्होल्टवर येतं आणि तांब्याचं वजन ५ किलोवरून सुमारे ६.८ किलो होतं. हे वजन आनंदाने स्वीकारा.

याचाच दुसरा भाग म्हणजे बॅटरीची जागा. दोन जड बॅटऱ्या काढून १२-१५ किलोचा पॅक बसवला की बोटीचा तोल बदलतो. बॅटऱ्या पुढे होत्या की मागे, यावर हायड्रोप्लेन किंवा टनेल हल अशा वेगवान बोटींचं नाक जास्त उचललं जाणार की दबणार हे ठरतं, आणि ताशी २०० किलोमीटरच्या पुढे हा फरक थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तोल साधायला बॅटरी २ मीटर पुढे सरकवली तर ९५च्या केबलमध्ये ३.४ किलो तांबं वाढतं आणि आणखी ०.६ व्होल्ट जातात. वाचवलेलं वजन असं परत येतं. माझं मत विचाराल तर बॅटरी स्टार्टरजवळ, पण इंजिनाच्या उष्णतेबाहेर ठेवा आणि तोल दुसऱ्या कशाने तरी साधा. गुरुत्वमध्याचा हिशोब नव्याने केल्याशिवाय मात्र पाण्यात वेग घेऊ नका.

एक उलटी बाजूही आहे. फारच कमी रोधाची बॅटरी आणि आखूड जाड केबल मिळाली तर पहिल्या क्षणाचा झटका स्टार्टरच्या शाफ्टला सोसत नाही. अनेक स्टार्टर-जनरेटरांच्या शाफ्टचा एक भाग मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, आणि तोच तुटतो. विमानांच्या ग्राउंड पॉवर यंत्रांत करंटची कमाल मर्यादा बसवता येते ती याचसाठी. स्टार्टरच्या निर्मात्याने कमाल करंट दिला असेल तर तो पाळा.

पायरी ५: बीएमएस

बीएमएस म्हणजे सेलांवर नजर ठेवणारं आणि गरज पडली तर वीज तोडणारं सर्किट. टर्बाइनच्या बाबतीत धोका नेमका त्याच्या तोडण्यातच आहे. आग पेटलेली आहे, इंजिन ३० टक्क्यांवर आहे आणि बीएमएसने स्टार्टरची वीज तोडली, यापेक्षा वाईट क्षण नसतो. घरगुती साठवणीच्या पॅकमध्ये १०० ते २०० अँपिअरला तोडणारे मॉस्फेटचे (इलेक्ट्रॉनिक स्विचचे) बोर्ड असतात. ते इथे बाद.

स्टार्टचा सर्वोच्च करंट सहज सोसेल आणि कमी व्होल्टेजच्या क्षणिक घसरणीला काही सेकंद थांबून मगच प्रतिसाद देईल, अशी रचना हवी. तोडण्याआधी चालकाला दिवा किंवा आवाजाने इशारा मिळायला हवा. चार्जिंगचा मार्ग आणि स्टार्टचा मार्ग वेगळे तोडता येत असतील तर सर्वात उत्तम.

दुसरा धोका इंजिन चालू झाल्यावरचा. जनरेटर बॅटरीत मोठा करंट ढकलत असताना बीएमएसने अचानक बॅटरी तोडली, तर तो करंट जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज क्षणभर उसळतं. इंजिनाचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि मीटर त्यात जळू शकतात. म्हणून नियंत्रण आणि उपकरणांना एक छोटी स्वतंत्र बॅटरी द्या आणि ती डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून चार्ज करा. यामुळे स्टार्टच्या वेळी व्होल्टेज पडलं तरी नियंत्रण संगणक रीसेट होत नाही. या छोट्या बॅटरीवर काटकसर करू नका.

फ्यूजबद्दल थोडक्यात. लिथियम पॅक शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर सोडतो आणि साधा फ्यूज तो प्रवाह तोडू शकत नाही, ठिणगी आतून चालूच राहते. क्लास-टी फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो. त्याचा वेळ-करंट आलेख तुमच्या मोजलेल्या स्टार्टशी ताडून आकार ठरवा, आणि तो बॅटरीच्या अगदी टोकाशी बसवा.

पायरी ६: चार्जिंग

स्टार्टर सुटला की तेच यंत्र जनरेटर होतं. आठ सेलच्या फॉस्फेट पॅकला २८ ते २८.५ व्होल्ट छान चालतात, २९.२च्या वर कधीच नको. व्होल्टेजपेक्षा करंटकडे लक्ष द्या. लिथियमचा रोध कमी असल्याने रिकामा पॅक जनरेटर देईल तेवढं सगळं ओढून घेतो, मग पॅकही तापतो आणि जनरेटरही. पॅकची चार्ज करंटची मर्यादा जनरेटरच्या क्षमतेपेक्षा कमी असेल, तर मधे करंट मर्यादित करणारी व्यवस्था हवीच.

किनाऱ्यावरचा चार्जर लिथियमचाच वापरा. लेड-ॲसिडच्या चार्जरमधली डीसल्फेशन किंवा इक्वलायझेशनची अवस्था व्होल्टेज बरंच वर नेते आणि सेल बिघडवते. शून्य अंशाखाली फॉस्फेट सेल चार्ज करू नका. आत धातुरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही.

पायरी ७: बसवणं

वेगवान बोट लाटेवरून सुटून पाण्यावर आपटते तेव्हाचे धक्के साध्या मोटारगाडीच्या बॅटरीने कधी पाहिलेले नसतात. पॅकच्या आत वेल्ड केलेले बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या), घट्ट जखडलेले सेल आणि लवचीक जोड असावेत. पाऊच सेलचे, म्हणजे मऊ पिशवीतल्या सेलचे, घरगुती पॅक इथे टाळा. खाली प्लॅस्टिकचा पट्टा पुरत नाही. हलच्या मुख्य सांगाड्याला बोल्टने बांधलेली धातूची चौकट हवी, आणि बोट उलटली तरी पॅक जागेवर राहिला पाहिजे. खोकं किमान आयपी-६७ दर्जाचं (धूळ-पाणी आत न शिरणारं), आणि बिघाडाच्या वायूंसाठी थेट बाहेर जाणारी नळी. इंधन केरोसीन असलं तरी त्याचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेटू शकते ते तापमान) जेमतेम ३८ अंशांपासून सुरू होतो, आणि इंजिनाजवळचा बिल्ज, म्हणजे बोटीचा तळ, त्याहून तापतो. त्यामुळे तिथले स्विच आणि कॉन्टॅक्टर ठिणगी बाहेर न येणाऱ्या दर्जाचेच घ्या.

छोट्या नौकांवरील लिथियम बॅटऱ्यांसाठी एबीवायसी या अमेरिकी नौका-मानक संस्थेचं ई-१३ हे मानक आहे आणि आयएसओचं २३६२५. विमानी बॅटऱ्यांसाठी डीओ-३११. पॅक यांपैकी कशाशी जुळतो, हे विक्रेत्याला लेखी विचारा.

पायरी ८: पहिला स्टार्ट

बोट किनाऱ्यावर, पक्की बांधलेली, अग्निशामक हाताशी आणि ग्राउंड पॉवर जोडायला तयार. आधी इंधन आणि इग्निशन बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवा. वेग लाइट-ऑफच्या, म्हणजे इंधन पेटवण्याच्या, आकड्याच्या बराच वर, स्थिर जात नसेल तर पुढे जाऊ नका. मग खरा स्टार्ट. एका माणसाने फक्त तापमान आणि वेगाचे काटे बघायचे, आणि तापमान मर्यादेकडे धावू लागलं की इंधन तोडायचं. त्यानंतर स्टार्टर लगेच सोडू नका, आत हवा खेळती राहू द्या.

स्टार्टरच्या विश्रांतीच्या वेळा पाळा. पीटी-६ची काही विमानं ४० सेकंद चालू, ६० सेकंद बंद, असं तीनदा करून मग ३० मिनिटं थांबतात. लिथियम बॅटरी चौथ्यांदाही जोमाने फिरवेल. स्टार्टर मात्र तोवर जळालेला असेल.

दिवसाच्या शेवटीही बॅटरीत एका पूर्ण स्टार्टएवढा जोर उरलाच पाहिजे. इंजिन बंद केल्यावर कधी आत उरलेलं इंधन पेटत राहतं, आणि ते विझवायचा मार्ग म्हणजे इंधन तोडून स्टार्टरने इंजिन फिरवणं. रिकाम्या बॅटरीने हे होत नाही.

साठवण, वाहतूक, निवृत्ती

हंगाम संपला की पॅक निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून, सगळे भार तोडून, कोरड्या थंड जागी ठेवा. पाठवायचा असेल तर यूएन ३८.३ या वाहतूक-सुरक्षा चाचणीचे कागद लागतात. सुटी लिथियम-आयन बॅटरी १ एप्रिल २०१६पासून प्रवासी विमानाने माल म्हणून पाठवता येत नाही. मालवाहू विमानात ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नको. शर्यतीसाठी पॅक दूर न्यायचा असेल, तर हे महिनाभर आधी ठरवा.

पॅक कधी बदलायचा? पहिल्या स्टार्टला टिपलेलं सर्वात कमी व्होल्टेज जपून ठेवा. तशाच तापमानाला, पूर्ण चार्जवर तो आकडा १ व्होल्टने खाली आला की आधी केबल आणि जोड तपासा. ते ठीक निघाले तर पॅक उतरवा आणि नवा बसवेपर्यंत ग्राउंड पॉवरवरच स्टार्ट करा.